व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली टर्मिनलवरून कशा सांभाळायच्या

व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे होस्टवरची, म्हणजे ते मशीन ज्या खऱ्या संगणकावर चालतं त्यावरची, एक फाइल. ती कॉपी करता येते, दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते, म्हणून तिच्याशी इतर फाइलींसारखंच वागण्याचा मोह होतो. पण तिच्या पोटात अख्खी डिस्क असते: पार्टिशन टेबल, त्यात पार्टिशनं, त्यात कदाचित एलव्हीएम (जागा लवचीकपणे वाटून देणारा लिनक्सचा थर) आणि सगळ्यात आत फाइल सिस्टीम. डिस्क फाइल हाताळणारी बहुतेक टूल्स यातला फक्त सगळ्यात बाहेरचा थर ओळखतात. आत काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

म्हणून एक सूत्र पक्कं ठेवायचं. डिस्क वाढवायची तर बाहेरून आत जायचं: आधी फाइल, मग पार्टिशन, मग फाइल सिस्टीम. कमी करायची तर नेमकं उलट, आतून बाहेर. या कामात डेटा जातो तो बहुतेक वेळा हा क्रम चुकल्यामुळे किंवा मशीन चालू असताना फाइलीला हात लावल्यामुळे.

मुख्य टूल म्हणून इथे क्यूईएमयू-आयएमजी धरलं आहे. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये पुढे आणलेल्या क्यूईएमयू प्रकल्पाचा तो भाग. केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनं चालवायची सोय) आणि लिबव्हर्टवर (ती मशीनं सांभाळणारी व्यवस्था) चालणाऱ्या बहुतेक ठिकाणी तो हाताशी असतोच, शिवाय व्हीएमवेअर, व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्हीच्या फाइलीही त्याला वाचता येतात. डेबियन आणि उबुंटूवर तो क्यूईएमयू-यूटिल्स या पॅकेजात मिळतो. फेडोरा आणि रेड हॅटवर पॅकेजचं नावच क्यूईएमयू-आयएमजी आहे. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. ऑप्शनचं अक्षर कॅपिटल असेल तिथे तसं सांगितलं आहे, कारण स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांचे अर्थ वेगळे असतात.

आधी बघायचं, मग हात लावायचा

उदाहरणांत मशीनचं नाव वेब आणि त्याची डिस्क फाइल वेब.क्यूकाऊ२ धरली आहे; क्यूकाऊ२ हा क्यूईएमयूचा स्वतःचा फॉरमॅट. कुठलंही काम सुरू करण्याआधी ही कमांड चालवायची:

क्यूईएमयू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन वेब.क्यूकाऊ२

समजा उत्तरात व्हर्च्युअल साइज ४० जीआयबी आणि डिस्क साइज ११ जीआयबी दिसली. पहिला आकडा गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या सिस्टीमला, दिसणाऱ्या डिस्कचा, दुसरा होस्टवर खरोखर व्यापलेल्या जागेचा. त्याखाली क्लस्टर साइज ६५५३६ असेल, म्हणजे ही फाइल ६४ केबीच्या तुकड्यांनी जागा घेत वाढते. या तीन ओळी नेहमीच्याच. खरं लक्ष द्यायचं ते बॅकिंग फाइल आणि स्नॅपशॉट लिस्ट (डिस्कच्या ठरावीक क्षणी जपून ठेवलेल्या अवस्थांची यादी) या दोन गोष्टींकडे. बॅकिंग फाइलची ओळ असेल तर ही फाइल एकटी नाही, तिचा निम्मा-अधिक डेटा दुसऱ्या फाइलीत असू शकतो. ती दुसरी फाइल हलवली, बदलली किंवा उडवली तर ही निरुपयोगी होईल.

मशीन चालू असेल तर इन्फो कमांड लॉक मिळत नाही म्हणून थांबते. क्यूईएमयू २.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, चालू मशीनच्या इमेजवर असं लॉक लागतं. नुसतं बघायचं असेल तर कॅपिटल यू ऑप्शन देऊन बघता येतं. मात्र हे लॉक फक्त क्यूईएमयूची टूल्स पाळतात. साध्या सीपी कमांडला ते अडवत नाही. चालू मशीनची फाइल सीपीने कॉपी केली तर कॉपी बिनतक्रार होते, पण अर्धी आधीची आणि अर्धी नंतरची अशी. रिस्टोअर करायची वेळ येते तेव्हाच ते कळतं.

तेव्हा मशीन बंद करायचं. लिबव्हर्ट असेल तर आधी त्याच्या व्हर्श टूलच्या व्हर्श डॉमब्लकलिस्ट वेब या कमांडने मशीनला नेमकी कुठली फाइल जोडली आहे ते पाहायचं. नावावरून अंदाज बांधायचा नाही, स्नॅपशॉट घेतल्यावर मशीन बऱ्याचदा वेगळ्याच फाइलीवर लिहीत असतं. मग व्हर्श शटडाउन वेब. ही कमांड गेस्टला बंद होण्याची विनंती पाठवून लगेच परतते, त्यामुळे व्हर्श डॉमस्टेट वेब चालवून शट ऑफ आलं का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इथे एक छुपा धोका आहे. मॅनेज्ड सेव्ह केलेलं मशीनही साध्या यादीत शट ऑफच दिसतं, पण त्याची मेमरी डिस्कवर जपून ठेवलेली असते. अशा वेळी डिस्क बदलली आणि मशीन पुन्हा चालू केलं, तर गेस्टच्या डोक्यात जुनी डिस्क आणि समोर नवी, आणि फाइल सिस्टीम बिघडते. व्हर्श लिस्ट --ऑल --मॅनेज्ड-सेव्ह दिलं की अशी मशीनं सेव्ह्ड म्हणून वेगळी दिसतात. ती आधी चालू करायची, मग आतून नीट बंद करायची.

शेवटी एक प्रत:

सीपी --स्पार्स=ऑलवेज --रीफ्लिंक=ऑटो वेब.क्यूकाऊ२ वेब-आधीची.क्यूकाऊ२

बीटीआरएफएस किंवा रीफ्लिंकची सोय (दोन फाइलींनी तोच डेटा वाटून घेणं) चालू असलेल्या एक्सएफएस या फाइल सिस्टीमवर ही प्रत काही क्षणांत होते आणि सुरुवातीला जागाही फारशी खात नाही. ती चुकीच्या कमांडपासून वाचवते. खालची हार्डडिस्कच गेली तर नाही. खरा बॅकअप दुसऱ्या यंत्रावरच हवा.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात

रॉ म्हणजे डिस्कची बाइट-टू-बाइट प्रतिमा, वर कुठलंही हेडर नाही. वेग चांगला, सोयी कमी. क्यूकाऊ२ मध्ये स्नॅपशॉट, ओव्हरले (दुसऱ्या फाइलीवर उभी राहून फक्त बदल साठवणारी फाइल) आणि कॉम्प्रेशन मिळतं, आणि खास कारण नसेल तर तोच निवडावा. व्हीडीआय व्हर्च्युअलबॉक्सचा, व्हीएचडीएक्स हायपर-व्हीचा. जुन्या व्हीएचडीची मर्यादा २०४० जीबी आहे, व्हीएचडीएक्सची ६४ टीबी. क्यूईएमयू-आयएमजीमध्ये व्हीएचडी हे नाव चालत नाही, तिथे व्हीपीसी लिहावं लागतं. कारण हा फॉरमॅट मुळात कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल पीसीचा आहे. ते तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये विकत घेतलं.

व्हीएमवेअरची व्हीएमडीके घेताना एक बघायचं: फाइल अवघी काहीशे बाइटची असेल तर ती डिस्क नव्हे, नुसता मजकुरात लिहिलेला पत्ता आहे. खरा डेटा शेजारच्या, नावात फ्लॅट असलेल्या फाइलीत असतो. दोन्ही बरोबर न्यायच्या आणि नावं बदलायची नाहीत, कारण पहिल्या फाइलीत दुसरीचं नाव लिहिलेलं असतं.

डिस्क वाढवणं

क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ वेब.क्यूकाऊ२ +२०जी

अधिकचं चिन्ह विसरायचं नाही. ते असेल तर २० जीआयबीची भर पडते. नसेल तर एकूण आकार २० करा असा अर्थ होतो. ४० ची डिस्क २० करायला हे टूल --श्रिंक दिल्याशिवाय नकार देतं, आणि तो नकार आला की ऑप्शन जोडण्याआधी आपली कमांड पुन्हा वाचायची. रॉ फाइल असेल तर -एफ रॉ असं स्पष्ट सांगायचं.

बाहेरचा थर झाला. मशीन चालू करून आत एलएसबीएलके चालवलं की व्हीडीए, म्हणजे डिस्क, ६० जीबी आणि त्याखालचं व्हीडीए१, म्हणजे तिचं पहिलं पार्टिशन, अजून ४० जीबी असं दिसेल. बरेच जण इथे रिसाइझ झालंच नाही असं समजून पुन्हा तीच कमांड देतात आणि डिस्क आणखी २० ने वाढवून बसतात. झालेलं असतं सगळं बरोबर, फक्त पुढचे दोन थर बाकी असतात.

पार्टिशन वाढवायला:

ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए १

डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा यांच्यात मोकळी जागा हवी. हे टूल डेबियन आणि उबुंटूवर क्लाउड-गेस्ट-यूटिल्स पॅकेजात, तर फेडोरा आणि रेड हॅटवर क्लाउड-यूटिल्स-ग्रोपार्टमध्ये मिळतं. ग्रोपार्टऐवजी पार्टेड वापरत असाल आणि डिस्कचं पार्टिशन टेबल जीपीटी प्रकारचं असेल, तर पार्टेड आधी फिक्स की इग्नोर असं विचारेल. जीपीटीची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते; डिस्क वाढल्यामुळे ती आता मध्येच पडलेली असते. फिक्स म्हणायचं. पार्टिशन टेबलच्या जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढे जाता येत नाही, हे मोठ्या डिस्कला हात लावण्याआधीच तपासून घ्यावं.

मग फाइल सिस्टीम. ईएक्सटी४ असेल तर रिसाइझ२एफएस /डेव्ह/व्हीडीए१. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस आणि पुढे पार्टिशनचं नाव नव्हे, माउंट पॉइंट, म्हणजे रूटसाठी नुसता स्लॅश. दोन्ही माउंट असतानाच चालतात. मध्ये एलव्हीएम असेल तर पार्टिशननंतर पीव्हीरिसाइझ आणि मग एलव्हीएक्सटेंड -आर, ज्यात स्मॉल आर फाइल सिस्टीमही सोबतच वाढवतो. डीएफ -एचटी केल्यावर नवा आकडा दिसला की काम झालं. यातला टी कॅपिटल. त्याने फाइल सिस्टीमचा प्रकारही कळतो, म्हणून ही कमांड सुरुवातीलाही एकदा चालवून ठेवावी.

ग्रोपार्टने नोचेंज असं उत्तर दिलं तर बहुधा वाटेत दुसरं पार्टिशन उभं आहे. व्हीडीए१ रूट, त्याला खेटून व्हीडीए२ स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) आणि मोकळी जागा त्याच्याही पलीकडे, ही मांडणी जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये सर्रास सापडते. रूटला स्वॅपवरून उडी मारता येत नाही. स्वॅपऑफ करायचं, व्हीडीए२ काढायचं, रूट वाढवायचं आणि स्वॅप फाइलच्या रूपात परत आणायचा. एफएसटॅबमधली (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) जुनी ओळ बदलायचीच, आणि डेबियन किंवा उबुंटूवर इनिटरॅमएफएस-टूल्सच्या रिझ्यूम फाइलमध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) राहिला आहे का तेही बघायचं. तो राहिला तर बूट होताना मशीन नसलेल्या स्वॅपची वाट बघत रखडतं. विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या पुढे रिकव्हरी पार्टिशन असंच आडवं येतं; तिथे आधी रीएजंटसी /डिसेबल, मग डिस्कपार्टमधून ते काढणं, सी वाढवणं आणि शेवटी रीएजंटसी /एनेबल.

हे आत जाऊन करायचं नसेल तर लिबगेस्टएफएस या टूलसंचातलं व्हर्ट-रिसाइझ वापरता येतं. नवी मोठी रिकामी डिस्क आधी तयार करायची, आणि --एक्सपँड ऑप्शनमध्ये पार्टिशनचं नाव द्यायचं. ते जुन्या डिस्कमधून नव्या डिस्कमध्ये सगळं उतरवतं आणि जुनीला धक्का लावत नाही. महत्त्वाच्या मशीनसाठी मला हाच मार्ग जास्त पटतो, कारण माघारी फिरायचं असेल तर जुनी फाइल जशीच्या तशी शिल्लक असते.

अडकलेली जागा परत मिळवणं

गेस्टमध्ये ३० जीबीच्या फाइली उडवल्या, तरी होस्टवरची फाइल आपोआप लहान होत नाही. फाइल सिस्टीम फक्त आपल्या नोंदीत ही जागा मोकळी असं लिहिते. तिथले जुने बाइट तसेच राहतात आणि होस्टला ते कामाचे की टाकाऊ हे कळायला मार्ग नसतो. तो मार्ग म्हणजे डिस्कार्ड, ही जागा आता नको अशी गेस्टने दिलेली सूचना. मशीनच्या लिबव्हर्टमधल्या एक्सएमएल व्याख्येत डिस्कच्या ड्रायव्हर ओळीत डिस्कार्ड=अनमॅप द्यायचं, मशीन पूर्ण बंद करून परत चालू करायचं आणि आत एफएसट्रिम -एव्ही चालवायचं. डिस्क व्हर्टिओ-स्कझी प्रकाराने जोडलेली असेल तर हे पूर्वीपासून चालतं, व्हर्टिओ-ब्लॉक प्रकाराने असेल तर क्यूईएमयू ४.० पासून. पुढे एफएसट्रिम.टाइमर चालू ठेवला की आठवड्यातून एकदा आपोआप होत राहतं.

मशीन बंद ठेवून करायचं असेल तर:

व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस वेब.क्यूकाऊ२

मोकळी जागा शून्यांनी भरायची आणि मग कन्व्हर्ट करायचं, हा जुना उपाय अजून बऱ्याच ठिकाणी सुचवला जातो. तो चालतो, पण शून्यं भरताना डिस्क फाइल पूर्ण आकारापर्यंत फुगू शकते. होस्टवर तेवढी जागा नसेल तर लिहिणं अडतं, आणि क्यूईएमयू सहसा गेस्टला तिथेच पॉझ करतं. त्याच होस्टवरची बाकीची मशीनंही त्याच जागेवर जगत असतील तर तीही थांबतात. एफएसट्रिम शक्य असताना या वाटेला जाऊ नये.

आकार मोजताना एलएस -एलएच आणि डीयू -एच यांचे आकडे वेगळे आले तर घाबरायचं कारण नाही. एलएस फाइलीची लांबी सांगतं, डीयू व्यापलेली जागा. रॉ फाइल दुसरीकडे पाठवताना मात्र हा फरक महागात पडतो: एससीपी सगळी रिकामी जागाही शून्यांच्या रूपात पाठवतं आणि तिकडे फाइल पूर्ण आकाराची होते. आरसिंक --स्पार्स वापरलं की पलीकडे पोकळ जागा पोकळच राहते.

व्हर्च्युअल आकारच कमी करायचा असेल, म्हणजे ६० ची डिस्क ३० करायची असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: चालू डिस्क आटवू नका. ईएक्सटी४ फक्त अनमाउंट असताना आटते, एक्सएफएस आटवण्याची उपयोगी पडेल अशी सोय नाही, आणि क्रम जरा चुकला की डिस्कचं शेपूट कापलं जातं. नवी ३० ची डिस्क करून आतला डेटा तिच्यात कॉपी करणं कमी जोखमीचं आहे.

ओव्हरले आणि बॅकिंग फाइल

एका तयार इमेजवरून दहा मशीनं काढायची असतील तर दहा प्रती करायची गरज नाही:

क्यूईएमयू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाऊ२ -बी बेस.क्यूकाऊ२ -एफ क्यूकाऊ२ चाचणी१.क्यूकाऊ२

पहिला एफ स्मॉल, दुसरा कॅपिटल. कॅपिटल एफ म्हणजे बॅकिंग फाइलचा फॉरमॅट, आणि क्यूईएमयू ६.१ पासून तो सांगणं सक्तीचं आहे. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे. फॉरमॅट सांगितला नाही तर टूल फाइलीची सुरुवात वाचून अंदाज करायचं. रॉ डिस्क असलेल्या गेस्टने आपल्याच डिस्कच्या सुरुवातीला बनावट क्यूकाऊ२ हेडर लिहिलं आणि त्यात होस्टवरच्या एखाद्या फाइलीचा पत्ता घातला, तर पुढच्या वेळी ती फाइल गेस्टला वाचता यायची.

ओव्हरलेत फक्त बदल साठतात. म्हणून बेस फाइलीवर एकदा ओव्हरले उभी राहिली की बेस गोठली असं समजायचं. सीएचमॉड ४४४ करून तिची लिहिण्याची परवानगी काढून टाकावी. बेसवरून थेट मशीन बूट तर कधीच करू नये. एकदा बूट केलं तरी आत लॉग लिहिले जातात, क्लस्टर बदलतात आणि वरच्या सगळ्या ओव्हरले एकाच वेळी बिघडतात.

क्यूईएमयू-आयएमजी कमिट ओव्हरलेतले बदल खाली बेसमध्ये मुरवतं. एका बेसवर एकच ओव्हरले असेल तरच ते वापरायचं. उलट ओव्हरलेला स्वतंत्र करायचं असेल तर रीबेस -बी आणि पुढे रिकामे अवतरण चिन्ह. बेसमधला लागणारा डेटा वर ओढला जातो. बेस फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली असेल, आत काही बदललं नसेल, तर रीबेस -यू स्मॉल यूने नुसता पत्ता बदलता येतो. हा ऑप्शन आतला डेटा तपासत नाही, दिलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवतो. चालू मशीनसाठी या कमांड नाहीत. तिथे व्हर्श ब्लॉककमिट --अ‍ॅक्टिव्ह --पिव्हट हे काम करतं.

एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात

क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -पी -एफ व्हीएमडीके -ओ क्यूकाऊ२ जुनी.व्हीएमडीके नवी.क्यूकाऊ२

ओ कॅपिटल, बाकी स्मॉल. पी दिला की किती टक्के झालं ते दिसत राहतं. त्याआधी क्यूईएमयू-आयएमजी मेझर चालवलं तर नव्या फाइलीला किती जागा लागेल ते कळतं. कन्व्हर्ट करताना बॅकिंग फाइलची साखळी सपाट होऊन एकच फाइल मिळते, आणि आतले जुने स्नॅपशॉट नव्या फाइलीत येत नाहीत. -सी दिल्यास कॉम्प्रेशन होतं, पण मशीन पुढे जे लिहील ते कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे हा ऑप्शन साठवून ठेवायच्या किंवा बेस म्हणून वापरायच्या इमेजसाठीच ठीक.

झाल्यावर क्यूईएमयू-आयएमजी कंपेअर दोन्ही फाइलींवर चालवायचं. शा२५६ चेकसम (फाइलीच्या बाइटवरून काढलेला ठसा) इथे उपयोगाचा नाही, फॉरमॅट बदलल्यावर तो वेगळा येणारच. कंपेअर गेस्टला दिसणारा डेटा ताडून बघतं. एक्झिट कोड ० म्हणजे सारखा, १ म्हणजे फरक.

डेटा सारखा असूनही मशीन बूट होईलच असं नाही. जुनं मशीन यूईएफआयवर (बूट करणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर) असेल तर नवंही तसंच हवं. लिनक्समध्ये एसडीएचं व्हीडीए होतं, म्हणून एफएसटॅबमध्ये यूयूआयडी आहेत का ते आधीच पाहावं. विंडोजमध्ये व्हर्टिओ ड्रायव्हर नसेल तर इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून निळी स्क्रीन येते; अशा वेळी डिस्क आधी सॅटा प्रकाराने जोडून बूट करायचं, एक छोटी रिकामी व्हर्टिओ डिस्क सोबत लावून ड्रायव्हर बसवायचा आणि मगच मुख्य डिस्क व्हर्टिओवर न्यायची.

बिघाड तपासणं आणि आत डोकावणं

वीज गेल्यावर किंवा होस्टची डिस्क भरून मशीन थांबल्यावर क्यूईएमयू-आयएमजी चेक चालवायचं. एक्झिट कोड ३ आला तर क्लस्टर गळाले आहेत, म्हणजे जागा वाया गेली आहे पण डेटा शाबूत आहे. -आर लीक्स दिलं की सुटतं. कोड २ म्हणजे खरा बिघाड. तिथे -आर ऑल थेट चालवायचं नाही. आधी प्रत, मग प्रतीवर दुरुस्ती, मग आतल्या फाइल सिस्टीमची वेगळी तपासणी, कारण चेकला आतलं काही कळत नाही. रॉ फाइलीवर हे चालत नाही, तिच्यात तपासण्याजोग्या नोंदीच नसतात.

एखादी फाइल बाहेर काढायची असेल तर गेस्टमाउंट -ए वेब.क्यूकाऊ२ -आय --आरओ आणि पुढे माउंट पॉइंट. काम झालं की गेस्टअनमाउंट. क्यूईएमयू-एनबीडीनेही (इमेज होस्टला डिस्क म्हणून जोडणारं टूल) हे जमतं, पण त्यात अनोळखी फाइल सिस्टीम थेट होस्टच्या कर्नलला वाचायला लागते; गेस्टमाउंट तेच एका वेगळ्या छोट्या मशीनमध्ये करतं. परक्याकडून आलेल्या इमेजसाठी गेस्टमाउंटच वापरावं. एनबीडी वापरलंत तर आधी अनमाउंट आणि मगच डिस्कनेक्ट.

इतर घरची टूल्स

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम --रिसाइझ, आणि आकडा एमबीमध्ये: ६० जीबीसाठी ६१४४०. व्हीडीआयची प्रत सीपीने करू नये. यूयूआयडी तोच राहतो आणि दुसरी डिस्क जोडताना नकार येतो, म्हणून क्लोनमीडियम. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर व्हीएमकेएफएसटूल्स -एक्स, एक्स कॅपिटल, आणि त्याला वाढ नव्हे तर एकूण नवा आकार द्यायचा असतो. हायपर-व्हीमध्ये पॉवरशेलचं गेट-व्हीएचडी किमान आकार सांगतं, त्याखाली रिसाइझ-व्हीएचडी जात नाही. व्हीएचडीएक्समधली अडकलेली जागा ऑप्टिमाइझ-व्हीएचडीने सुटते.

काम झाल्यावर सुरुवातीला काढलेली प्रत लगेच उडवू नये. मशीन एकदा रीस्टार्ट करून आतल्या सेवा नीट चढल्या हे बघावं. इतर जुन्या इमेज साफ करायला घेतल्या तर आधी फोल्डरमधल्या प्रत्येक क्यूकाऊ२ फाइलीवर इन्फो चालवून बॅकिंग फाइलच्या ओळी वेगळ्या काढाव्यात. जिचं नाव त्या यादीत आहे, ती फाइल कितीही जुनी आणि बेवारस दिसली तरी तिच्यावर कुठलं तरी मशीन उभं आहे.